ज्वारी वाढली

आमच्या घरात कधीच काही संपलं नाही. वडील लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचे, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, पण मिठाच्या डब्याचा तळ दिसला तरी आई "मीठ संपलं" असं म्हणायची नाही. "मीठ वाढलंय, पळत जाऊन आण," म्हणायची. तेल वाढायचं, चहापूड वाढायची, आणि महिनाअखेरीला तर आमच्या घरात सगळंच वाढलेलं असायचं. 'संपलं' हा शब्द ऐकला की डब्यात उरलंसुरलं असेल तेही रुसून निघून जातं, अशी तिची खात्री होती. बांगडी फुटायची नाही, वाढायची. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. घरातून कुणी जायचं नाही, जो तो 'येतो' म्हणून निघायचा. मी शिकायला सांगलीला निघाले तेव्हाही 'येते'च म्हणाले, आणि बस सुटल्यावर आईनं डोळ्याला पदर लावला तो धुरळ्यामुळं, असं तिचं आजही म्हणणं आहे.

घरात पदवी घेणारी मी पहिली. विश्रामबागच्या कॉलेजात पहिलं वर्ष मी जवळजवळ हात जोडूनच काढलं. वाचनालयातला पंखा लावायचा तरी शिपायाला विचारायची. दुसऱ्या वर्षी एका सरांनी मला त्यांच्या गटात घेतलं. गावातल्या संस्था, म्हणजे वृद्धाश्रम, वसतिगृहं, बालवाड्या, यांच्यासाठी हा गट काम करायचा. सरांनी पहिल्या दिवशी काम सांगितलं ते एवढंच: "जिथं जास्त झालंय तिथून उचला, जिथं कमी पडतंय तिथं पोचवा. मधे भाषण करू नका."

गटाला नाव नव्हतं. सगळं कॉलेज आम्हाला 'जास्तीवाले' म्हणायचं. "काय जास्तीवाले, आज कुणाचं जास्त झालं?" अशी विचारपूस कँटीनमध्ये रोज व्हायची. जास्त काय काय होतं हे मला त्या वर्षी कळलं. एका दुकानदारानं गेल्या वर्षीची मोठी कॅलेंडरं गठ्ठ्यानं दिली. ती कोण घेणार यावर आम्ही एक आख्खी बैठक घातली, तर एका बालवाडीच्या बाईंनी मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला ती हसत हसत नेली. एका हॉटेलानं टेबलावर अंथरायची तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची कापडं बदलली. जुनी आम्ही आष्ट्याच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात दिली. जेवणाच्या पाटांखाली अंथरतील, असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्या खेपेला गेलो तर सगळे आजोबा त्या कापडांच्या लुंग्या नेसून ओसरीवर बसलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हॉटेलच उठून उन्हाला बसलंय.

गटात आम्ही तिघं कायमचे. मी एक. दुसरा विश्रामबागच्याच एका डॉक्टरांचा मुलगा. शाळा इंग्रजी, घरी बोलणं अर्धं इंग्रजी, पण मनानं अगदी लोणी. फोन घेणं, ठरवणं, ग्रुपवर कळवणं हे त्याचं काम, म्हणून आम्ही त्याला 'साहेब' म्हणायचो. तिसरा आष्ट्याच्या बेकरीवाल्यांचा मुलगा. त्याच्या घरची व्हॅन आम्हाला मिळायची, त्यामुळं आम्ही पोचवलेल्या प्रत्येक वस्तूला खारीचा वास असायचा. त्याला आम्ही नुसतं 'बेकरी' म्हणायचो, आणि तो हाकेला ओ द्यायचा.

फेब्रुवारीचे दिवस होते. शेतात ज्वारीची काढणी चालू होती. अशात एका बुधवारी सकाळी त्या आष्टा रस्त्याच्या वृद्धाश्रमातून साहेबाला फोन आला. आश्रमाचं स्वयंपाकघर बघणाऱ्या मावशींचा. तो फोन कसा झाला हे साहेबानं नंतर आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की मला तो पाठ आहे.

"बाळा, आमच्यातली जवारी वाढलीया बघ."

"अरे वा! कधी?"

"काल सांजंलाच."

"पूर्ण वाढली?"

"व्हय की. सगळीच वाढली."

"छान, छान! तुम्ही काळजी करू नका मावशी, आम्ही दुपारी गाडी घेऊन येतो."

"लय उपकार व्हतील, बाळा."

'अरे वा' आणि 'छान' मावशींना जरा खटकलं होतं. पण शिकलेल्या पोरांची बोलायची तऱ्हा असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. आणि साहेबाचा हिशोबही चुकीचा नव्हता. सुगीचे दिवस, लोक देवाधर्माला पोती देतात, तर वृद्धाश्रमात ज्वारी जास्त झाली असणारच. त्यानं ग्रुपवर टाकलं: "आष्टा रोड वृद्धाश्रम, ज्वारी सरप्लस. रिकामी पोती घेऊन निघणे." माझ्यापर्यंत आलं ते एवढंच. मी पोती झटकली आणि व्हॅनमध्ये बसले.

आश्रम रस्त्यापासून आत, चारी बाजूंनी ऊस. आम्ही पोचलो तेव्हा चौकड्यांच्या लुंग्या ओसरीवर ओळीनं बसल्या होत्या आणि आज्या भिंतीच्या सावलीला. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि व्हॅनच्या मागच्या दाराकडं बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलासा? लय बरं झालं. कुठं उतरवायची?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"उतरवायची नाही मावशी, चढवायची," साहेब म्हणाला. "तुमची वाढलेली ज्वारी न्यायला आलोय." आणि त्यानं दोन्ही हातांनी रिकामं पोतं उघडून धरलं.

मावशी एकदा पोत्यात आणि एकदा त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"न्यायला?"

"हो. तुम्हीच म्हणालात ना, सगळी वाढली."

"म्हणाले की. वाढली म्हणून तर फोन केला."

"म्हणून तर आम्ही पोती आणली!"

"आरं बाळा, रिकामी पोती व्हय? आमच्याकडं तर आता रिकामी पोतीच हायती! तीबी नेतुयास का?"

'वाढली' हा शब्द मावशींच्या तोंडून निघाला आणि मला एकदम आमच्या घरातला मिठाचा डबा दिसला. मी साहेबाची बाही ओढली आणि हळूच सांगितलं. त्यानं उघडं धरलेलं पोतं खाली केलं.

"वाढली म्हणजे संपली?"

"संपली म्हणायचं नसतं."

"मग जास्त झाली तर काय म्हणायचं?"

"जास्त कधी झालीय?" मावशी म्हणाल्या.

बेकरी व्हॅनला टेकून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "साहेब," तो म्हणाला, "ज्वारी संपली म्हणून सांगितल्यावर 'अरे वा' म्हणणारा तू पहिला गडी!"

हसणं आणि त्याबरोबर 'ज्वारी संपली' हे शब्द ओसरीपर्यंत पोचले आणि तिथंच घोटाळा झाला. मावशींचा चेहरा पडला. सकाळचा फोन त्यांनी गोठ्याच्या मागं जाऊन केला होता, कारण आश्रमातल्या माणसांना हे कळू द्यायचं नव्हतं. का, ते आम्हाला लगेच दिसलं.

लुंग्यांच्या ओळीत पहिले होते फौजेतून सुभेदार होऊन आलेले एक आजोबा. सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. त्यांनी घसा साफ केला. "मावशे, रात्रीचं माझं धरू नगं. माझा उपास हाय."

"कसला वो? आज बुधवार."

"बुधवारचाच. फौजंत असल्यापासून करतोय."

"काल तर बोलला न्हाईसा?"

"उपास काय बोंबलून करतात व्हय?"

शेजारच्या आजोबांना ताबडतोब पोटात जडजड वाटायला लागलं. तिसऱ्यांचे दात दुखायला लागले, आणि त्यांना एकही दात नव्हता. पलीकडं एक चाचा बसलेले. हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेलेली. ते म्हणाले, "मेराबी मत पकडो. रोजा है."

"चाचा," बेकरी म्हणाला, "रमजानला अजून वेळ हाय की. आणि तुमच्या शेजारचा हा चहाचा रिकामा कप कुणाचा?"

"नफील रोजा है, अपनी मर्जी का. तू गाडी चला."

आणि भिंतीच्या सावलीतून एका बारीक आजीचा आवाज आला, "माझी बी चतुर्थी हाय."

"चतुर्थी झाली की मागल्या आठवड्यात!"

"तवाची ऱ्हायली असंल. आता धरते."

आम्ही हसत होतो, पण मावशी हसत नव्हत्या. त्यांनी आम्हाला आत स्वयंपाकघरात नेलं. ज्वारीची कोठी स्वच्छ पुसून उघडी ठेवलेली. "ह्यास्नी एकदा कळलं की झालं," त्या म्हणाल्या. "मागल्या खेपेला असंच जरा कमी पडलं आणि सगळी म्हातारी एका दिवसात देवभक्त झाली. बाकीची काढतील एक रात. पण त्या चतुर्थीवाल्या आजीला शुगर हाय. सांजंची गोळी घेतली आणि पोटात काय नसलं की ती थरथरती, घाम फुटतो. मागल्या खेपेला पायरीवर पडली. दुपारचं भातावर भागवलं, आता तांदूळ मूठभर हाय, तिच्यापुरती पेज व्हईल. पण बाकीची उपाशी असताना ती घास घेणार न्हाई. जीव गेला तरी न्हाई."

म्हणजे संध्याकाळच्या गोळीच्या आत सगळ्यांच्या ताटात काहीतरी पडायला हवं होतं. तेव्हाच ती आजी खाणार होती.

"मी आष्ट्यातून पोतं घेऊन येतो, दहा मिनिटात," बेकरी म्हणाला.

"विकत?" खिडकीबाहेरून सुभेदारांचा आवाज आला. ते लुंगी सावरत तिथंच उभे होते. "पोरांच्या खिशातलं आमी खाणार न्हाई, मागून आणल्यालंबी न्हाई. तसं काय केलंसा तर उद्याबी उपास."

मावशींनी आमच्याकडं बघून नुसते हात पसरले. विकत चालत नव्हतं, मागून आणलेलं चालत नव्हतं. कुणाकडं तरी खरोखर जास्त झालेलंच हवं होतं. सर म्हणायचे तेच आमचं काम, फक्त यावेळी घाई होती.

आष्ट्याच्या बाजूला एका मंगल कार्यालयावर रोषणाईच्या माळा बेकरीनं सकाळी घरून येताना पाहिल्या होत्या. आम्ही तिकडं गेलो. शेवटची पंगत उठत होती. दारात गुलाबी फेट्यातले एक गृहस्थ पानाचं तबक घेऊन उभे होते, नवरीचे मामा. साहेब सरळ पुढं गेला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "नमस्कार काका. काही उरलंय का?"

मामांचा फेटा थरथरला.

"उरलंय? काय उरलंय? आमच्यात काय उरत न्हाई! माणूस आलं न्हाई म्हणायचंय का तुला? आरं, चार पंगती उठल्या! कुणाकडनं आलायस तू, नवऱ्याकडनं का?"

साहेब दोन पावलं मागं आला. त्याच्या भाषेत त्यानं काहीच वाईट विचारलं नव्हतं. पण लग्नघरात 'उरलं का' विचारणं म्हणजे पाहुणे आले नाहीत असं तोंडावर सांगणं. हे मला आमच्या गावात लहानपणीच कळलेलं. आई कुणाच्या लग्नघरी भांडी घासायला गेली की तिथलं अन्न घरी यायचं, पण ते कधीही 'उरलेलं' नसायचं. 'तुमची पंगत राहिली होती' असं म्हणून ती लग्नघरची बाई पातेलं आईच्या हातात द्यायची. त्या बाईचे उपकार मला त्या दारात आठवले.

मी पुढं झाले आणि वाकून नमस्कार केला. "मामा, सगळ्या पंगती झाल्या का?"

"झाल्या की पोरी. तूबी बस, जेव."

"जेवते मामा. पण एक पंगत राहिलीय. इथनं जवळच बसलीय, उसाच्या आत. म्हातारी माणसं हायती, मांडवापतूर येता येत न्हाई त्यास्नी. त्यांना वाढायचं राहिलंय."

मामांनी तबक बाजूच्या माणसाच्या हातात दिलं. "मग आसं सांग की गं! पंगत ऱ्हायली आणि मी हितं पान खातोय व्हय?" ते आत वळून ओरडले, "आरं ए गड्यांनो, चुली इझवू नगा! एक पंगत ऱ्हायलीय!"

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "मी पण तेच विचारलं होतं ना?"

"नाही," बेकरी म्हणाला. "तू त्याची इज्जत विचारली होतीस."

मसालेभाताचं पातेलं, आमटीची बादली, वांग्याची भाजी आणि बुंदी व्हॅनमध्ये चढली. मग मामांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी कोठीतून दोन माणसांकडून ज्वारीच्या पिठाचं पोतं उचलून आणवलं. हळदीच्या जेवणाला भाकरी करायला दळून आणलेलं. बायकांनी घरूनच भाकरी थापून आणल्या, त्यामुळं त्याचं तोंडही उघडलेलं नव्हतं. "हे उरल्यालं न्हाई बरं का," मामा मला दम दिल्यासारखं म्हणाले. "हे त्या पंगतीचंच ठेवलं व्हतं."

"व्हय मामा. म्हणून तर आलो."

व्हॅन निघता निघता त्यांनी पुन्हा हात दाखवला. मांडवातल्या ताटात मूठभर अक्षता राहिल्या होत्या. त्या त्यांनी माझ्या ओढणीच्या टोकात बांधल्या. "अक्षत दिल्याबिगर म्हातारं माणूस पंगतीला बसत न्हाई. प्रत्येकाला द्या. आमच्या लग्नाला या म्हणून सांगा."

आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लुंग्या हलल्या नव्हत्या. सुभेदार तर उपासाची जपमाळ कुठून तरी पैदा करून बसले होते. व्हॅनचं दार उघडलं आणि खारीच्या वासातून मसालेभाताचा वास बाहेर आला. सगळी ओसरी एकदम दुसरीकडं बघायला लागली.

मी ओढणीचं टोक सोडलं आणि सुभेदारांच्या हातावर अक्षता ठेवल्या. "आजोबा, आष्ट्याला लग्न आहे. शेवटची पंगत तुमची. मामांनी बोलवणं धाडलंय."

सुभेदारांनी अक्षता निरखून बघितल्या. "कुणाचं म्हणालीस?"

"नवरीचं नाव इचारायचं राहिलं बघा," मी म्हणाले, कारण ते खरंच राहिलं होतं.

"असू दे. मुलगी कुणाची का असंना." त्यांनी अक्षता कपाळाला लावल्या, जपमाळ खिशात टाकली आणि ओळीकडं वळून फौजी आवाजात जाहीर केलं, "लग्नाच्या पंगतीला उपास चालत न्हाई! उठा!"

पोटात जडजड वाटणाऱ्या आजोबांना एकदम हलकं वाटलं. दात नसलेल्यांचे दात दुखायचे थांबले. चाचा मात्र अक्षता हातात धरून बसून राहिले. मला वाटलं, चुकलं की काय. तर ते म्हणाले, "बेटा, सारी जिंदगी शादियों में बजाया. अक्षत देके पहली बार किसीने बुलाया."

बेकरी म्हणाला, "चाचा, रोजा सोडायला खजूर न्हाई, बुंदी चालंल का?"

"दौडेगी," चाचा म्हणाले आणि उठले.

चतुर्थीवाल्या आजी सगळ्यांत शेवटी बसल्या. आधी त्यांनी मान वर करून सगळी ओळ नजरेखालून घातली, प्रत्येकाच्या ताटात पडलंय का ते. मग स्वतःचं ताट ओढलं. मावशी त्यांच्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, मुठीत गोळी घेऊन. आजींनी भाताचा पहिला घास तोंडात घातला तेव्हा मावशींची मूठ सैल झाली. बुंदीकडं आजींचा हात गेला तसा तो मावशींनी धरला. "ह्याचे दोनच दाणे. गोळी उपाशीपोटी न्हाई, पण गोळीवर बुंदीबी न्हाई."

"लग्नात कोण दाणं मोजतं का गं?"

"मी मोजते."

मी आमटी वाढत होते, बेकरी भाजी, आणि भाताचं पातेलं साहेबाकडं. पंगतीत वाढायची रीत त्याला काही उमजेना. कुणी "पुरे" म्हटलं की तो थांबायचा, आणि ते ताटाकडं बघत बसायचे. मी त्याला खूण केली, पुरे म्हटल्यावर अजून एकदा घालायचं. मग त्यानं सगळ्यांना इतकं घातलं की सुभेदार ताटावर आडवे झाले.

पिठाचं पोतं आत कोठीशी लावून मावशी बाहेर आल्या तेव्हा साहेबानं विचारलं, "मावशी, आता पीठ भरपूर झालं ना?"

मावशींनी चटकन इकडंतिकडं बघितलं. "हाय थोडं."

"थोडं? पोतं भरलेलं आहे!"

"श्शू. नजर लागती."

साहेब हातातला भाताचा डाव तसाच धरून उभा राहिला. भरलेलं असलं की थोडं, रिकामं झालं की वाढलं, उरलं की राहिलेली पंगत, हे तो मनातल्या मनात जुळवत असावा. इतक्यात ओळीच्या त्या टोकाहून चाचांनी रिकामं ताट पुढं केलं आणि हाक मारली, "अरे साहेब, भात वाढ की!"

साहेब दोन पावलं गेला, थांबला, आणि मान वळवून त्यानं अगदी मनापासून मला विचारलं, "घालायचा, की संपला म्हणून सांगतायत?"

सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या चतुर्थीवाल्या आजी. हसता हसता त्यांना ठसका लागला, मावशींनी त्यांना पाणी दिलं, आणि त्याच पाण्याबरोबर गोळीही गेली.